मानसशास्त्र शिकलं म्हणजे ‘वेड्यांचा डॉक्टर’ नव्हे

बारावीनंतर मुलीने मानसशास्त्र घेतलं की नातेवाईक विचारतात, “म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार?” हा समज मुळातच चुकीचा आहे, आणि रुग्णांसाठी अपमानकारकही. औषधं लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतो. मानसशास्त्रात एमए करून गोळ्या लिहून देता येत नाहीत. एवढंच काय, नुसत्या एमएवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटीही लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. प्रवेश घेण्याआधी हे जरूर तपासा.

रुग्णालयाबाहेर तर केवढं काम आहे! सैन्यातले अधिकारी निवडताना सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) चाचणीत उमेदवारासमोर एकामागून एक 60 शब्द येतात. प्रत्येकाला 15 सेकंद, सुचेल ते वाक्य लिहायचं. त्यावरून स्वभावाचा अंदाज बांधतो मानसशास्त्रज्ञ. कंपन्यांमधली भरती, प्रशिक्षण हे औद्योगिक मानसशास्त्राचं क्षेत्र.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शाळेतलं काम. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ‘आळशी’ ठरवण्याआधी त्याच्या चाचण्या घेणारं कुणीतरी हवं. अध्ययन अक्षमतेचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं, तर दहावीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो.