किडनीतला सार्कोमा आणि ‘सार्कोमॅटॉइड’चा घोळ

जत-आटपाडीपासून थेट अथणीपर्यंतचे पेशंट मिरजेला येतात. किडनीतली मोठी गाठ काढली, की रिपोर्टात बहुधा नेहमीचा रीनल सेल कार्सिनोमाच, म्हणजे किडनीतल्या नळ्यांच्या अस्तरातून उठणारा कर्करोग, निघतो. स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींतून उठणारा सार्कोमा म्हणजे प्रौढांच्या किडनीतल्या कर्करोगांत शंभरात जेमतेम एक. त्यातही लायोमायोसार्कोमा, म्हणजे अनैच्छिक स्नायूंतून उठणारा, जास्त.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किडनी काढायला सुरुवात झाली, तेव्हा मांसल दिसणाऱ्या बऱ्याच गाठी सार्कोमातच जमा व्हायच्या, लहान मुलांचा विल्म्स ट्यूमरसुद्धा. मुलांचा गुंता १९७०च्या दशकात बराचसा सुटला. हाडांत पसरणारा क्लिअर सेल सार्कोमा विल्म्सपासून वेगळा काढला गेला आणि पुढे डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध जोडल्यावर त्याचे निकाल सुधारले.

प्रौढांत मात्र घोळ रेंगाळला. कार्सिनोमाच्याच पेशी कधी कधी रूप पालटून दोन्ही टोकांना निमुळत्या होतात, विट्याच्या मागावरच्या धोट्यासारख्या. हाच सार्कोमॅटॉइड बदल. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर तो आणि खरा सार्कोमा वेगळे ओळखणं भल्याभल्यांना जड जातं. एकेकाळी सार्कोमॅटॉइडला स्वतंत्र प्रकार मानत. नव्या वर्गीकरणांनी तो दर्जा काढून घेतला, कारण रीनल सेल कार्सिनोमाचा कुठलाही प्रकार हे वळण घेऊ शकतो. प्रतवारीत त्याला थेट चौथी, म्हणजे सर्वांत वाईट पायरी मिळाली. यावर कुरकुर झाली, पण निर्णय बरोबरच होता. त्याने जुन्या ‘किडनी सार्कोमा’च्या आकड्यांवरचा विश्वास उडाला, तेही बरंच झालं. औषधाचा फरक तर उघड आहे: पसरलेला सार्कोमॅटॉइड कार्सिनोमा इम्युनोथेरपीला बऱ्याचदा चांगली दाद देतो, लायोमायोसार्कोमाकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून गाठ कापताना पांढुरक्या मांसल भागात नखाएवढा पिवळा पट्टा दिसला, तरी त्याचा ब्लॉक (तपासणीसाठी मेणात बसवलेला तुकडा) घ्यावाच लागतो. तिथे क्लिअर सेल कार्सिनोमा, म्हणजे रीनल सेल कार्सिनोमाचाच एक प्रकार, सापडला, की सार्कोमाचं निदान बाद. केराटिन (कार्सिनोमाची खूण), डेस्मिन (स्नायूची खूण) या प्रथिनांचे मार्कर नंतर.

२००० पासून जनुकीय तपासण्यांनी किडनीतला सायनोव्हियल सार्कोमाही वेगळा दाखवला. तो एक्स आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीवरून पकडतात. अशा तपासणीसाठी सांगली-मिरजेहून नातेवाईक पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा मेणाचे ब्लॉक सोबत हवेत. नुसत्या रंगवलेल्या स्लाइड नेल्या, तर ब्लॉकसाठी आणखी एक हेलपाटा ठरलेला.