पेपर बुडाला तर ॲडिशनल परीक्षा कशी द्यायची? मुंबई विद्यापीठाचे नियम आणि लागणारे कागद

डेंग्यू झाला, एनसीसीचा कॅम्प लागला किंवा हार्बर लाईनच ठप्प झाली आणि पेपर बुडाला, की बरेच जण थेट कलिन्याचं परीक्षा भवन गाठतात. सत्र १ ते ४ असेल तर ती फेरी फुकट. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीएमएससारख्या अभ्यासक्रमांच्या पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. त्यामुळे ॲडिशनल परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे प्राचार्यांच्या हातात असतं. कलिन्याची खिडकी तुम्हाला परत कॉलेजातच पाठवणार.

रुईया, झेवियर्स, जयहिंद अशा स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात. खाली जे आहे ते संलग्न कॉलेजांच्या क्रेडिट-ग्रेडिंग पद्धतीतलं. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणात आलेल्यांचे विषय आणि गुणांची विभागणी वेगळी आहे, तेव्हा त्यांनी आकडे कॉलेजच्या नोटिशीतूनच घ्यावेत.

सत्रान्त परीक्षेत नापास झालेल्यांना ॲडिशनल देता येतेच. गैरहजर राहिलेल्यांना मात्र कारण पटवून द्यावं लागतं. आजारपण, कॉलेज किंवा विद्यापीठातर्फे खेळ वा सांस्कृतिक स्पर्धा, एनएसएस-एनसीसीचं शिबिर, मान्यताप्राप्त संस्थेचं क्रीडा प्रशिक्षण ही कारणं नियमातच आहेत. शिवाय ‘प्राचार्यांना योग्य वाटेल असं अपवादात्मक कारण’ अशी एक फटही ठेवलेली आहे. घरातला मृत्यू, अपघात, बंद पडलेल्या गाड्या हे सगळं त्या फटीतूनच जातं. चुलतभावाचं लग्न जात नाही, विचारूही नका.

मुलं फसतात ती दुसऱ्याच ठिकाणी. अंतर्गत परीक्षाही दिली नाही आणि सत्रान्त पेपरही दिला नाही, तर त्या विषयाची ॲडिशनल मिळत नाही. म्हणून २५ गुणांच्या टेस्टला ‘काय एवढं’ म्हणून दांडी मारणं महागात पडतं. टेस्ट खरोखरच चुकली असेल तर ८ दिवसांच्या आत कारण आणि पुरावे जोडून प्राचार्यांकडे अर्ज द्यायचा असतो. सत्रान्त पेपरसाठीही हीच ८ दिवसांची सवय लावून घ्या. निकाल लागल्यावर महिनाभरापूर्वीचं आजारपण सांगायला गेलात तर परीक्षा समिती साहजिकच भुवया उंचावते. कॉपी किंवा अन्य गैरप्रकारात अध्यादेश ५०५० खाली शिक्षा झाली असेल, तर ॲडिशनलचा दरवाजा बंद.

आता कागद. अर्ज साधा हवा, दोन पानांची करुण कहाणी नको. एवढं पुरतं:

‘मा. प्राचार्य यांस, मी एसवाय बीकॉम, सत्र ३, तुकडी ब, आसन क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी अकाउंटन्सीच्या पेपरला डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल असल्याने गैरहजर होतो. सोबत डिस्चार्ज कार्ड, वैद्यकीय प्रमाणपत्र व हॉल तिकिटाची प्रत जोडली आहे. अतिरिक्त परीक्षेस बसण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’

खाली तुमची सही आणि मोबाईल नंबर. पालकांचीही सही घ्या, बरीच कॉलेजं मागतात.

मेडिकल सर्टिफिकेटवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि आजारपणाच्या ‘पासून-पर्यंत’ तारखा हव्यात, आणि पेपरची तारीख त्या दोन तारखांच्या मध्ये बसायला हवी. हे सांगायची वेळ येऊ नये, पण ऑफिसात सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. केईएम, सायन, कूपरसारख्या पालिका रुग्णालयाचा केसपेपर असेल तर तो आवर्जून लावा, त्यावर तारखेचा शिक्का आपसूक असतो. खेळाडूंनी संघनिवडीचं पत्र आणि सहभागाचं प्रमाणपत्र, शिबिरवाल्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्याचं पत्र जोडावं. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का मारून घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ असं कोणी म्हटलं तरी शिक्क्याशिवाय खिडकी सोडू नका.

ॲडिशनल परीक्षा निकालानंतर २० दिवसांनी, पण ४० दिवसांच्या आत घ्यायची असा नियम आहे आणि ती एकदाच होते. ७५-२५ अशी विभागणी असेल तिथे ७५ गुणांचा, अडीच तासांचा पेपर, उत्तीर्ण व्हायला ३० गुण. अंतर्गतमध्ये २५ पैकी १० मिळवून पास असाल तर ते गुण तसेच पुढे धरले जातात. फॉर्म आणि फीची मुदत नोटिशीत येते आणि ती फार थोडी असते.

तीही हुकली तर केटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जायचं आणि तो नंतर पुन्हा द्यायचा. पहिल्या सत्रात कितीही विषय राहिले तरी दुसऱ्यात जाता येतं. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला जाताना मात्र पहिल्या आणि दुसऱ्या सत्रात प्रत्येकी दोनपेक्षा जास्त विषय राहिलेले चालत नाहीत. या मोजणीत गैरहजर आणि नापास सारखेच.

पाऊस आणि लोकल हा मुंबईचा खास विषय. विद्यापीठानेच पेपर पुढे ढकलला तर अर्जबिर्ज काही नको, नवी तारीख तेवढी बघायची. मध्य रेल्वेच्या ६३ तासांच्या मेगाब्लॉकमुळे १ जून २०२४ चे काही पेपर असेच पुढे गेले होते. पण पेपर ठरल्या वेळी होत असेल आणि तुम्ही कुर्ल्याला पाण्यात अडकला असाल, तर तिथूनच कॉलेजला फोन आणि ईमेल करा. उशीर झाला तरी घरी फिरू नका. केंद्रावर जाऊन केंद्रप्रमुखांना भेटा. हात मोडला असेल तर पेपर सोडण्याआधी लेखनिकासाठी विचारा.

पाचव्या-सहाव्या सत्राला कॉलेजची ॲडिशनल नाही. ती परीक्षा विद्यापीठाची, तेव्हा बुडालेला विषय पुढच्या वेळी केटीचा फॉर्म भरूनच द्यावा लागतो. तो फॉर्मही कॉलेजातूनच जातो. सहाव्या सत्रात पास झालात तरी मागचे सगळे विषय सुटेपर्यंत अंतिम निकाल राखून ठेवतात, म्हणून नोकरी किंवा एमकॉमचा प्रवेश डोळ्यांसमोर असलेल्यांनी पहिल्या वर्षाची केटी टीवायपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत नेऊ नये.