सावकाराला आधी कोणी विचारायचंच नाही, हे खरं नाही

आपल्याकडे सर्रास ऐकायला मिळतं की जुन्या काळी सावकार वाट्टेल तेवढं व्याज लावायचा, इंग्रजांनी कायदा आणला आणि शेतकऱ्याला संरक्षण मिळालं. निदान दख्खनच्या बाबतीत तरी हे जवळपास उलटं आहे.

जुना धर्मशास्त्राचा नियम होता दामदुपटीचा, म्हणजे १०० रुपये दिले असतील तर थकलेलं व्याज म्हणून एका वेळी १०० च्या वर मागता येत नाही. शिवाय सावकाराला गावातच राहायचं असायचं, पाटलाची, चार लोकांची भीड असायची. इंग्रजांनी १८५५ ला व्याजावरची कायदेशीर मर्यादाच काढून टाकली, आणि १८५९ ला मुदतीचा कायदा केला की कर्जरोखा ३ वर्षंच चालेल. हेतू चांगलाच होता, व्याज साचू नये. पण झालं काय, सावकार दर ३ वर्षांनी नवा कागद करून घ्यायला लागला, मागचं व्याज मुद्दलात घालून, त्यावर अंगठा, आणि मग मुद्दलच फुगल्यावर दामदुपट कागदावर शाबूत असून उपयोग काय! कोर्ट बघणार फक्त कागद.

म्हणूनच १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोक उठले तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. 'सावकारांची कत्तल' वगैरे जे सांगतात तसं झालं नाही, माणसांवर हात फार कमी उचलला गेला. नंतर १८७९ च्या कायद्याने कोर्टाला कागदामागचा सगळा जुना हिशेब उकरायची मुभा दिली.