तळ्यातली टिबुकली आणि खाडीतले रोहित

देवळाच्या तळ्याकाठी उभं राहून कुणी ‘बदकाचं पिल्लू बघ’ म्हणालं, की बोट बहुधा टिबुकलीकडे असतं. गैरसमज साहजिकच. लांबी जेमतेम 25 सेंटिमीटर, वजन सहसा 200 ग्रॅमच्या आत, शेपटी असून नसल्यासारखी आणि मागचा भाग कापूस पिंजल्यासारखा फुगलेला. नीट बघावं म्हणून दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत पाण्यावर नुसती वलयं उरतात. मग काही सेकंदांनी भलतीकडेच डोकं वर येतं.

बदकांशी तिचं नातं दूरचंच. बदकाची चोच चपटी असते, हिची सरळ आणि टोकदार. विणीच्या हंगामात गाल, गळा आणि मानेच्या बाजू गडद तांबूस होतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो. एरवी ती फिकट तपकिरी, चटकन नजरेत न भरणारी. आवाज मात्र विसरण्यासारखा नाही. खणखणीत, थरथरती लकेर तळ्याच्या एका टोकाकडून येते, आणि बऱ्याचदा जोडीदार तीत आपला सूर मिसळतो.

टिबुकलीचं सगळं मर्म तिच्या पायांत आहे. ते शरीराच्या पार मागच्या टोकाला जोडलेले असतात. पाण्याखाली पुढे रेटा द्यायला ही जागा उत्तम, पण जमिनीवर तोल सांभाळायला अगदीच गैरसोयीची. म्हणून ती काठावर क्वचित येते, आणि आली तरी चार पावलं धडपडत टाकते. बोटांमध्ये बदकासारखा पडदा नसतो. प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी स्वतंत्र चपट्या पाळ्या असतात. तिच्याच कुळातल्या मोठ्या तुरेवाल्या पक्ष्याच्या पायांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. या पाळ्या वल्ह्यासारख्या पाणी नुसतं मागे ढकलत नाहीत, विमानाच्या पंखावर हवेची उचल मिळते त्या तत्त्वावर त्या पाण्यात जोर निर्माण करतात, असं त्यात दिसून आलं. बुडी मारताना पंख अंगालगत मिटलेले असतात. सगळं काम पायांचं.

बुडी मारण्याआधीची एक युक्ती मुद्दाम बघावी. टिबुकली पिसं अंगाशी आवळून त्यांत अडकलेली हवा बाहेर काढते आणि अंगाचं तरंगणं कमी करते. घाबरली असेल तर उडी न मारता जागच्या जागी खाली जाते, किंवा फक्त डोकं वर ठेवून पाणवनस्पतींत दबा धरते. पाणकावळ्याशी तुलना केली तर फरक कळतो. त्याची पिसं बरीच भिजतात, म्हणून तो खाडीतल्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसतो. टिबुकलीची दाट पिसं पाणी आत शिरू देत नाहीत, त्यामुळे तिला ही कसरत करावी लागत नाही.

पाण्याखाली ती कीटक आणि त्यांच्या अळ्या, बेडूकमासे, लहान कोळंबी, गोगलगायी, बारीक मासे पकडते. या कुळातल्या पक्ष्यांची एक सवय मात्र विचित्रच म्हणायची: ते स्वतःचीच पिसं गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात. माशांच्या काट्यांपासून आतड्याचं रक्षण व्हावं आणि न पचलेला भाग गोळी करून ओकून टाकता यावा, असं त्याचं कारण मानलं जातं.

आता खरी गंमत. गेल्या पंचवीसेक वर्षांत जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं, की आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत टिबुकलीच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत चिखलात उंच पायांवर उभे राहणारे तेच गुलाबी पक्षी! एकाने उथळ पाणी निवडलं, दुसऱ्याने खोल. त्यातून पायांची इतकी वेगळी घडण झाली. दोघांच्या अंड्यांवर मात्र चुन्यासारखा थर असतो. टिबुकलीचं अंडं पांढरं असतं खरं, पण कुजक्या पाल्याने लवकरच तपकिरी होतं.

तो पाला घरट्याचाच. कोकणात पावसाळा लागून तळी भरली की जोडी पाणवनस्पती गोळा करून तरंगता ढीग रचते आणि उभ्या गवताला अडकवते. पाणी चढलं की घरटंही चढतं, ही त्यातली सोय. नर-मादी दोघंही साधारण तीन आठवडे अंडी उबवतात. उठून जाताना चोचीने भराभर पाला ओढून अंडी झाकतात, मग लांबून तिथे नुसता कचराच दिसतो. पिल्लं पट्टेदार असतात. जन्मल्याबरोबर पोहू शकतात, तरी पहिले काही दिवस आईबापांच्या पाठीवर, पिसांत शिरून फिरतात.

दिवसा ही टिबुकली उडायला नाखूश. उडायचंच झालं तर पाण्यावर बरंच अंतर धावत सुटावं लागतं. रात्री मात्र ती लांबवर उडते, म्हणूनच उन्हाळ्यात कोरडं पडलेलं तळं पावसात भरलं, की एक दिवस ती तिथे हजर असते.

वसईची बावखलं, वाड्यांमधली तळी, धामापूरसारखे जुने तलाव, काठाला गवत असलेलं कुठलंही गोडं पाणी तिला चालतं. अट एवढीच, की गवत हवं. मला सुशोभीकरण या प्रकाराची धास्ती वाटते ती त्यामुळेच. काठ सिमेंटने बांधला, पाणवनस्पती उपटल्या, कारंजं बसवलं की तळं फोटोत छान येतं. पण घरटं अडकवायला जागा राहत नाही. सोडून दिलेली नायलॉनची जाळी तर थेट जीव घेतात, कारण पाण्याखाली अडकलेल्या पक्ष्याला श्वासासाठी वर येता येत नाही.

पावसाळ्यात घरटं दिसलंच तर लांबूनच बघावं. माणूस अचानक जवळ आला की उबवणारी टिबुकली पाण्यात सटकते, अंडी झाकायची राहतात, आणि कोकणातल्या तळ्यावर कावळ्याला यायला काही वेळ लागत नाही.