मालेराव होळकर: आधी आजार की आधी क्रौर्य?

२०२५मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली आणि इंदूरच्या मराठी मंडळींत मालेरावांचा विषय पुन्हा निघाला. आईचं चरित्र सांगताना या मुलाचं काय करायचं, तिथे गाडी अडतेच. बहुतेक जण दोन वाक्यांत उरकतात: पोरगा क्रूर निघाला, लवकर गेला. या उरकण्याला माझा विरोध आहे.

मालेराव १७४५चे. १७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात वडील खंडेराव पडले तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे. २० मे १७६६ रोजी आजोबा मल्हारराव आलमपूरला वारले आणि पेशव्यांनी सुभेदारीची वस्त्रं या नातवाला दिली. वर्ष भरायच्या आत, १७६७च्या उन्हाळ्याच्या तोंडी, तेही गेले. इथवर फारसा वाद नाही.

त्यांच्या वागण्याबद्दल जे घरोघरी सांगितलं जातं त्याचा मोठा भाग जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या माळव्यावरच्या १८२३च्या ग्रंथात सापडतो. ब्राह्मणांना द्यायच्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू ठेवायचे, नाण्यांच्या घड्यात विंचू सोडायचे, हात घालणाऱ्याची तडफड पाहून खूश व्हायचं. दुसरी गोष्ट कशिदाकाराची. वाड्यातल्या एका दासीवरून संशय घेऊन मालेरावांनी त्याला मारलं. तो निर्दोष निघाला, आणि त्याच्या भुतानं मालेरावांना धरलं. अहिल्याबाई अंथरुणापाशी बसून भुताची विनवणी करत होत्या: तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना इनाम देते. भूत म्हणालं, यानं निरपराध माणसाला मारलं, याचा जीव घेणारच.

गोष्टीचा क्रम बघा. आधी पाप, मग भूत, मग मरण. आजार इथे शिक्षा म्हणून येतो. पण हाच माल्कम म्हणतो की मालेराव आधीपासूनच मनानं दुबळे आणि अस्थिर होते. हे वाक्य पुढे ठेवलं तर सगळा क्रम उलटतो: आजार आधीचा, वागणं त्यातून आलेलं असू शकतं. अहिल्याबाईंनीच मुलाला संपवलं ही कुजबुज माल्कमनं चौकशी करून फेटाळली, हे त्याचं श्रेय. तरी तो माळव्यात आला १८१७च्या महिदपूरच्या लढाईच्या सुमारास, म्हणजे मालेराव जाऊन ५० वर्षं झाल्यावर. सांगणाऱ्यांच्या लेखी अहिल्याबाई तोवर देवीच्या पदाला पोचल्या होत्या.

इंदुरात मात्र सगळ्यात पक्की बसली आहे ती रथाची गोष्ट. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, आईनं मुलाला बांधून त्याच्यावर रथ घालायचं ठरवलं, गाय आडवी आली. राजवाड्याजवळचा आडा बाजार तो हाच, असं सांगतात. आता तमिळनाडूत तिरुवारूरला जा. तिथे चोळ राजाचा मुलगा, तिथेही रथ आणि वासरू. श्रीलंकेच्या ‘महावंसा’त एळार राजाबद्दलही हीच कथा आहे. न्यायी राजाची थोरवी सांगायला शतकानुशतकं वापरलेली ही कथा आहे. अशा कथेत मुलाला अपराधी व्हावंच लागतं. तिच्या आधारे मालेरावांच्या स्वभावाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सेई याच्याबद्दल असाच वाद आहे: हट्टी, लाडावलेला की दुखण्यानं पिचलेला? १९०४मध्ये जन्मलेल्या त्या मुलाला रक्त न गोठण्याचा आजार होता. सायकल बंद, धावपळ बंद, मागे सतत खलाशी राखणीला. १९१२मध्ये स्पावा इथे तो मरता मरता वाचला. त्याच्या शिक्षकाच्या आठवणी आहेत, आईवडिलांची पत्रं आहेत, २००९मध्ये अवशेषांच्या डीएनएवरून आजाराचा प्रकारही कळला. तिथे खोडी आणि दुखणं शेजारी ठेवून तोलता येतं. मालेरावांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. उलट ते जाताच होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि पेशव्यांचे काका रघुनाथराव यांच्या हालचाली सुरू झाल्या आणि सगळ्यांचं लक्ष दत्तक कोण, दौलत कोणाची, याकडे गेलं.

आजार मानला म्हणून कशिदाकाराचा खून माफ होत नाही. तो खरोखर झाला असेल तर त्या माणसाच्या घरच्यांचं दुःखही या चरित्रात आलं पाहिजे. पण निदान जयंतीच्या कार्यक्रमांत रथाचा प्रवेश बसवताना ही दंतकथा आहे, एवढं निवेदकानं सांगावं. आणि मालेरावांची ओळख करून देताना ‘क्रूर’च्या आधी नऊ वर्षांचं वय, बापाचा मृत्यू आणि मनाचा आजार हे तिन्ही यावेत.