सीटखाली लाइफ जॅकेट आहे, मग पॅराशूट का नाही?

मोठा विमान अपघात झाला की काही दिवसांत हा प्रश्न हमखास निघतो. पाण्यात उतरायची वेळ आली तर सीटखाली लाइफ जॅकेट असतं, मग पडायची वेळ आली तर पॅराशूट का नसतं? प्रश्न भाबडा म्हणून हसण्यावारी नेला जातो. पण विमानं बनवणाऱ्यांनीही तो गेल्या शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा तपासून पाहिला आहे आणि दर वेळी गाडी दोनच ठिकाणी येऊन अडली आहे: दार आणि वेळ.

पॅराशूट विमानाहून बरंच जुनं. 22 ऑक्टोबर 1797 रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ बलूनमधून सुटून, छत्रीला टांगलेल्या टोपलीत बसून खाली आला. छत्रीच्या माथ्याला भोक नसल्यामुळे टोपली भयंकर हेलकावे खात होती, पण माणूस जिवंत उतरला. पहिल्या महायुद्धात निरीक्षण बलूनमधल्या सैनिकांना पॅराशूट मिळे. ते टोपलीच्या बाहेर डब्यात टांगलेलं असे. सैनिकाच्या अंगावर फक्त पट्टे असत आणि त्याने उडी मारली की त्याच्याच वजनाने छत्री डब्यातून ओढली जाई. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना मात्र ते दिलं गेलं नाही. जर्मनांनी आपल्या वैमानिकांना 1918 मध्ये द्यायला सुरुवात केली.

पाठीवर बांधून, हवेत पडता पडता स्वतः दोरी ओढायचं पॅराशूट लेस्ली अर्विनने 28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेत करून दाखवलं. उतरताना त्याचा घोटा मोडला, पण पॅराशूट चाललं. पुढे 1922 मध्ये हॅरल्ड हॅरिस या अमेरिकी वैमानिकाचा जीव अशाच पॅराशूटने वाचला आणि पॅराशूटमुळे वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ त्याच वर्षी सुरू झाला. नाव रेशमाच्या किड्यावरून, कारण तेव्हा छत्र्या रेशमी असत. विमानाने एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग तर त्या उड्डाणाआधीच चार वेळा असा वाचला होता.

या सगळ्या कहाण्यांमध्ये माणूस उघड्या कॉकपिटमध्ये, पाठीला पॅराशूट आधीच बांधून बसलेला आहे. बाजूला कलंडला की बाहेर. प्रवासी विमान म्हणजे बंद खोली, आणि तिथूनच घोडं पेंड खायला लागतं. रुमानियाच्या अनास्तास द्रागोमिरने यावर 1929 मध्ये उपाय काढला. प्रवाशाची खुर्चीच पॅराशूटसह विमानातून बाहेर पडावी अशी ती योजना होती. पॅरिसजवळ तिची चाचणी झाली, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये पेटंटही मिळालं. ही कल्पना पुढे वैमानिकाच्या इजेक्शन सीटच्या रूपाने लढाऊ विमानांत रुजली. प्रवाशांपर्यंत ती पोचली नाही. शंभर-दोनशे खुर्च्यांखाली स्फोटकं, वर उघडणारं छत, आणि त्या खुर्च्यांत मांडीवर मूल घेतलेली माणसं. न पोचली तेच बरं.

दाराचं महत्त्व दुसऱ्या महायुद्धात फार महागात पडून कळलं. ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बर विमानात सगळ्यांकडे पॅराशूट होतं, उडी मारायचं शिक्षण होतं. तरी पाडल्या गेलेल्या लँकेस्टरमधून जिवंत बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरपेक्षा बरंच कमी होतं. तेव्हा बॉम्बर कमांडमध्ये आकडेमोडीचं काम करणाऱ्या फ्रीमन डायसनने बोट ठेवलं ते उडी मारायच्या खालच्या झडपेवर. ती हॅलिफॅक्सपेक्षा जेमतेम दोन इंच अरुंद होती. अंगावर जाडजूड कपडे, त्यावर पॅराशूट, भोवती अंधार आणि गिरक्या घेणारं विमान: दोन इंच पुरेसे ठरले.

जेट आल्यावर अडचण आणखी वाढली. साडेदहा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे पन्नासच्या आसपास तापमान असतं आणि ऑक्सिजनशिवाय माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट शुद्धीत राहतो. केबिनमध्ये भरलेल्या हवेचा दाब दाराच्या दर चौरस मीटरला पाच टनांहून जास्त जोर लावून ते चौकटीत दाबून धरतो, त्यामुळे तिथे कितीही बलवान माणूस दार उघडू शकत नाही. समजा उघडलंच, तर वेग ताशी 900 किलोमीटर आणि मागे पंख, इंजिन, शेपटी. हौशी स्कायडायव्हर साधारण चार किलोमीटरवरून आणि याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वेगात उडी मारतात.

प्रवासी जेटमधून पॅराशूटने उडी घेतल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण एका अपहरणकर्त्याचं आहे. 24 नोव्हेंबर 1971 रोजी ‘डॅन कूपर’ या नावाने तिकीट काढलेल्या माणसाने अमेरिकेत बोइंग 727 विमान ओलीस धरलं. प्रवाशांना सोडून दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट घेतले. त्याच्या अटी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत: उंची दहा हजार फुटांच्या वर नको, केबिनमध्ये दाब नको, चाकं खाली, फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या, पंखांमागच्या फळ्या) उतरवलेले, वेग कमीत कमी. शिवाय 727 ला शेपटीखाली जिना होता, म्हणजे पंख आणि इंजिनं दोन्ही मागे टाकून खाली निसटता येत होतं. थोडक्यात, उडी मारण्याजोगं विमान हवं असेल तर ते धडधाकट आणि वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात असावं लागतं. तसं असेल तर वैमानिक ते सरळ धावपट्टीवरच उतरवेल! कूपर सापडला नाही. त्याच्या नकला होऊ लागल्यावर 727 च्या जिन्याला हवेत उघडू न देणारी पट्टी बसवण्यात आली. तिला नाव पडलं ‘कूपर व्हेन’.

अंतराळवीरांनाही यातून सूट मिळाली नाही. 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेनंतर स्पेस शटलमध्ये उडी मारायची सोय केली, तेव्हा बाहेर काढता येणारा एक वाकडा खांब बसवावा लागला. त्यावरून घसरत गेलं नाही तर माणूस डाव्या पंखावर आपटला असता. तरीही शटल सरळ, स्थिर तरंगत असेल तरच ही सोय कामाची होती.

आता वेळ. जीवघेण्या अपघातांचा मोठा हिस्सा उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यात होतो. तिथे उंचीही नसते आणि मिनिटंही नसतात. पॅराशूटच्या बाजूने बोलणारं सगळ्यात भक्कम उदाहरण जपानचं आहे. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपान एअरलाइन्सचं बोइंग 747 शेपटीचा भाग आणि हायड्रॉलिक यंत्रणा (विमान वळवणारे भाग द्रवाच्या दाबाने हलवणारी यंत्रणा) गमावून अर्ध्या तासाहून जास्त वेळ हवेत होतं. 524 पैकी चारच जण वाचले. वेळ होता हे खरंच. पण विमान सतत वरखाली आणि डावी-उजवीकडे डोलत होतं, खाली डोंगर होते, आणि पाचशे नवख्या माणसांना पट्टे बांधून दारापाशी रांगेत आणायचं होतं. काही जण वाचलेही असते, हे मी नाकारणार नाही. चार वर्षांनी अमेरिकेत युनायटेडचं डीसी-10 विमान तशाच अवस्थेत 44 मिनिटं उडत राहिलं. वैमानिकांनी ते फक्त इंजिनांच्या जोरावर सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते कोसळलं, तरी 296 पैकी 184 जण वाचले.

मग अख्ख्या विमानालाच छत्री लावली तर? छोट्या विमानांत हे जमलं आहे. सिरस कंपनीच्या दीड टनाच्या विमानांत पॅराशूट येतंच आणि त्याने अनेक जीव वाचवले आहेत. मोठ्या विमानाचं गणित शटलच्या रॉकेट बूस्टरवरून, म्हणजे उड्डाणाला जोर देऊन नंतर सुटून समुद्रात पडणाऱ्या रॉकेटवरून कळतं. रिकामा बूस्टर साधारण एअरबस ए320 च्या वजनाच्या घरातला. त्याला सुमारे 41 मीटर व्यासाची तीन पॅराशूट लागत, आणि एवढं करूनही तो ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने समुद्रावर आदळे. पोलादी नळकांड्याला ते चालतं.

विमान उद्योगाने वेगळा रस्ता धरला: विमान कसंही करून जमिनीवर आणायचं आणि माणसांना झटपट बाहेर काढायचं. 1960 च्या दशकात अमेरिकेने 90 सेकंदांचा नियम केला. निम्मी दारं बंद धरून सगळे प्रवासी त्या वेळात बाहेर पडले पाहिजेत. एअरबस ए380 ने एप्रिल 2005 मध्ये पहिलं उड्डाण केलं, तेव्हा आतल्या सहा जणांच्या अंगावर पॅराशूट होती आणि कॉकपिटपासून सुटकेच्या दारापर्यंत धरून जायला कठडा बसवला होता. पुढच्या वर्षी त्याच जातीच्या विमानात, अंधाऱ्या हँगरमध्ये, 873 जणांना बसवलं. सोळापैकी आठ दारं उघडली. शेवटचा माणूस 78 व्या सेकंदाला खाली होता.