आधी साफ करा की आधी साठवा?

बँकेत बचत खात्याची यंत्रणा एक, गृहकर्जाची दुसरी, क्रेडिट कार्डाची तिसरी. आपापल्या जागी तिन्ही चोख. पण ‘या ग्राहकाकडून आपल्याला एकूण किती मिळतं?’ असं साहेबांनी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघणार. १९८८ साली आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका निबंधात यावर तोडगा मांडला. रोजच्या व्यवहारांना धक्का न लावता विश्लेषणासाठी माहितीचं वेगळं कोठार, म्हणजे डेटा वेअरहाउस, उभारायचं.

ते भरायची रीत म्हणजे ईटीएल : एक्स्ट्रॅक्ट, ट्रान्सफॉर्म, लोड. रात्री व्यवहार थंडावले की माहिती उचलायची, साफसूफ करून एका साच्यात बसवायची आणि मग कोठारात टाकायची. साठवण महाग होती, त्यामुळे लागेल तेवढंच ठेवायचं. गोम इथेच होती. पुढे कुणाला नवा प्रश्न सुचला, तर त्याला लागणारे तपशील बहुतेकदा वाटेतच गाळलेले असायचे.

साठवण स्वस्त झाली आणि क्रम उलटला. ॲमेझॉनने २०१२ मध्ये रेडशिफ्ट हे इंटरनेटवरून वापरायचं कोठार जाहीर केलं. अशी कोठारं आता भाड्याने मिळू लागली. मग आधी कच्ची माहिती भरा, घडवा नंतर : ईटीएलचं ईएलटी झालं. यातून सोय झाली, तशी अडगळही झाली. काय ठेवलंय याची नोंदच नसेल, तर ते सापडणार कसं?

तरी माहिती रात्रीच भरली जायची, म्हणून सकाळपर्यंत थांबणं होतंच. लिंक्डइनमध्ये घडलेलं आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ‘काफ्का’ हे सॉफ्टवेअर इथे कामी आलं. त्याच्या तीन निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे पुण्यात शिकलेल्या. कल्पना साधी आहे. घडलेली प्रत्येक गोष्ट एका वहीच्या शेवटी लिहायची. वाचणाऱ्याने आपण कुठवर वाचलं ते लक्षात ठेवायचं. दहा यंत्रणांची माहिती दहा ठिकाणी पोचवायला एरवी शंभर जोडण्या लागतील. मधे ही वही ठेवली की वीस पुरतात.

माझ्या मते खरं अवघड काम मात्र वेगाचं नाही, ओळख पटवण्याचं आहे. एका यादीतले ‘पाटील संजय आर.’ आणि दुसरीतले ‘एस. रामचंद्र पाटील’ एकच का? इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी १९६९ मध्ये दिलेलं संभाव्यतेचं गणित त्यासाठी आजही वापरतात. त्यात प्रत्येक जुळणीला वजन असतं. कोल्हापूरच्या यादीत नुसतं ‘पाटील’ जुळलं तर ते नगण्य, जन्मतारीखही जुळली तर बरंच जास्त.